उत्तमदादा आधी माणसाला विचारायचे

गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्याला किस्से शोधायला कुठं जावं लागत न्हाई. गिऱ्हाईक येतं, बोनेट उघडतं अन् गाडीचं सोडून घरातलं सगळं सांगत बसतं. आपण वायरी तपासत "हां, हां" म्हणत राहायचं. सव्वीस वर्षं असं हां-हां केलं की डोक्यात एवढं साठतं की विचारू नका. बायको म्हणते, "तुमच्या डोक्याची बॅटरी एकदा काढून ठिवा कपाटात, जरा निवांत झोपाल."

आमचं दुकान कुंभार पिंपळगावात, जांब समर्थकडं जायच्या रस्त्याला. एक शटर, समोर पत्र्याचं शेड, शेडखाली एका टायमाला दोन गाड्या मावतात. दुकान मूळचं उत्तमदादा मगरे यांचं. मी त्यांच्याकडं काम शिकायला आलो तवा बावीस वर्षांचा होतो. आमचे चुलते म्हणले, "घरचा ऊस, मोसंबी सोडून मगऱ्याच्या हाताखाली जाणार व्हय?" कोणत्या सुरात म्हणले ते मला बराबर कळलं. पुढं त्याच चुलत्यांचा ट्रॅक्टर भर दुपारी उसासकट कालव्याच्या पुलावर बंद पडला. दादा हातातली भाकर झाकून ठेवून गेले अन् ट्रॅक्टर चालू करून आले. चुलत्यांनी परत तो विषय काढला न्हाई. दादांनी पुढं मला भागीदार केलं, बोर्डावर 'मगरे-शिंदे' लिहून घेतलं.

आता सात महिने झाले, दादा पुण्याला लेकीकडं राहायला गेलेत. दुकानात मी एकटाच. काम बख्खळ आहे, तक्रार त्याची न्हाई. मला ते शेडखालच्या स्टुलावर परत बसलेले पाहिजेत, बस. त्यासाठी मी काय काय उद्योग केले ते विचारू नका. न्हाई विचारलं तरी सांगणारच आहे, पण आधी माणूस कसा होता ते ऐका.

*

हायस्कुलातून रिटायर झालेले एक गुरुजी होते. त्यांच्या गाडीची बॅटरी दर आठवड्याला एकदाच उतरायची, ती बी बाजाराच्या तिसऱ्या दिवशी. बाकीच्या दिवशी बिलकुल चकाचक. शेजारचे म्हणले, गाडीला वार बाधतो. गुरुजींनी सगळी हयात विज्ञान शिकवलेलं, पण चौथ्या खेपेला तेबी ढेपाळले अन् गाडीला लिंबू-मिरची बांधून आले.

आधीच्या तिन्ही खेपांना गाडी मीच बघितल्ती. बॅटरी चांगली, चार्जिंग बराबर, कुठं काही सापडत न्हाई. मी म्हणलं, "गुरुजी, नवीन बॅटरी टाकून मोकळे व्हा." दादांनी मला हातानंच थांबवलं.

"गुरुजी, बाजारातून काय काय आणता?"

"भाजी."

"अजून?"

"म्हशीला सरकी पेंड. दोन पोती."

"गाडीतून पोती कोण उतरवतं?"

"गडी उतरवतो. पण बाजाराच्या दिवशी तो दुपारीच सटकतो, दुसऱ्या दिवशी त्याची उतरलेली नसते. तिसऱ्या दिवशी येतो."

दादा माझ्याकडं वळले. "सोपान, डिकीत बस."

मी चाळिशीतला माणूस, पोट सुटलेलं. तरी बसलो. दादांनी वरून डिकी लावली. बाहेरून आवाज आला, "आतला दिवा विझला का?" म्हणलं, विझला. मंग त्यांनी डिकी अर्धवट ठेवून दोरीनं बांधली, गुरुजी पोती भरल्यावर बांधायचे तशी. माझ्या टकलावर झक्क उजेड पडला. दोन दिवस अन् दोन रात्री तो दिवा पेंडीच्या पोत्यांवर जळत राहायचा, अन् तिसऱ्या दिवशी बॅटरी राम म्हणायची.

गुरुजी चिडले. "मी चारदा आलो. हे आधीच का न्हाई विचारलं?"

दादा म्हणले, "आधी तुम्ही गाडी सोपानला दाखवत होता."

मी अजून डिकीतच होतो, त्यामुळं बोलायची सोय नव्हती. दादांनी गाडीची लिंबू-मिरची सोडली अन् गुरुजींच्या हातात दिली. "मिरच्या ताज्या हायेत, घरी न्या." गुरुजींनी त्या खरंच पिशवीत टाकल्या.

*

मोसंबीवाल्या एका शेतकऱ्याची गाडी शेतातल्या आखाड्यावर, म्हंजे शेतघरापाशी, उभी असायची, सोयाबीनच्या पोत्यांना खेटून. उंदरांनी वायरिंग खाल्लं. आम्ही नवीन केलं, तेबी खाल्लं. दादांनी आमच्याकडचा जुना इलाज सांगितला, तंबाखूची पुरचुंडी बांधून बोनेटमधी ठेवायची. त्या वासाला उंदीर येत न्हाई.

आठ दिवसांनी शेतकरी परत हजर. "दादा, उंदरांनी तंबाखू खाल्ली."

"खाल्ली?"

"सगळी. पुरचुंडी रिकामी. मी दुसरी ठेवली, तीबी दोन दिवसांत साफ. आमच्याकडचे उंदीर व्यसनी झालेत."

मला हसू आवरेना. दादा मात्र गंभीर. म्हणले, "घरी कोण कोण असतं?"

"मी, मंडळी, आई, अण्णा."

"अण्णा तंबाखू खातात?"

"खायचे. डॉक्टरनं बंद केली, दोन महिने झाले. आम्ही घरात दाण्याएवढीबी ठेवत न्हाई."

"बरं. पुरचुंडीचं फडकं कुरतडलेलं होतं?"

"न्हाई. फडकं चांगलं होतं. आपण बांधली तशीच गाठ, फक्त आत काही न्हाई."

दादा म्हणले, "उंदीर गाठ सोडील एकवेळ. परत बांधून ठिवील का?"

शेतकरी तसाच गाडी घेऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, की अण्णांना विचारलं तर उलट अण्णांनीच त्याला धुतलं. "उंदरांसाठी आठवणीनं तंबाखू आणता. दोन महिन्यांत बापाला कुणी चिमूटभर तरी इचारली का?" तवापासून आम्ही गिऱ्हाइकाला डांबरगोळ्या ठेवायला सांगतो.

*

मंग मी स्कॅनर घेतला. गाडीला जोडायचा, की काय बिघडलंय ते मशीनच्या पडद्यावर लिहून येतं. दादांनी तो हातात घेऊन उलटापालटा करून बघितला अन् म्हणले, "छान हाय. पडू देऊ नको." दुसरं काही बोलले न्हाईत.

पहिलीच गाडी आली परतूरच्या एका डॉक्टरबाईंची. डॅशबोर्डवर सगळे दिवे पेटलेले, काटे नाचून राह्यलेले, गाडी मधीच दम सोडायची. मी स्कॅनर लावला. चौदा बिघाड. मी एकेक मोठ्यानं वाचून कागदावर उतरवत गेलो. मला लई भारी वाटत होतं, अन् बाईंचा चेहरा उतरत चालला होता.

दादा जेवत होते. हात धुऊन आले. म्हणले, "मॅडम, चार-आठ दिवसांत गाडी कुठं आदळली का?"

"हो. आष्टीच्या अलीकडं मोठ्या खड्ड्यात गेली. खाली कायतरी घासल्याचा आवाज आला."

दादा अंगाखाली पोतं टाकून गाडीखाली शिरले. इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थिंगची जाड पट्टी असते, ती तुटत आलेली होती अन् दोन तारांवर लटकत होती. दादांनी पट्टी बदलली, खालची जागा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली, बोल्ट आवळला. मी स्कॅनरमधल्या जुन्या नोंदी पुसल्या अन् गाडी चालू केली. चौदातला एकबी बिघाड परत आला न्हाई.

बाई गेल्यावर दादा मला बाजूला घेऊन म्हणले, "मशीन खोटं बोलत न्हाई, सोपान. पण ते गल्लीतल्या भांडणाच्या साक्षीदारावानी हाय. कोण कोण भांडलं ते सगळं सांगतं, सुरुवात कुणी केली ते सांगत न्हाई."

संध्याकाळी बघतो तर दादा तोच स्कॅनर मऊ फडक्यानं पुसून डब्यात ठेवत होते. मशीन आजबी तसंच आहे, नव्यासारखं. गाडी कुठं आदळली का हे आता मलाच आठवणीनं विचारावं लागतं, अन् मी घाईत असलो की विसरतो.

*

हा किस्सा हसायचा न्हाई, पण सांगितल्याशिवाय राहवत न्हाई.

आष्टीच्या एक मास्तरीणबाई होत्या. त्यांचे मालक वारून वर्ष झालं होतं. गाडी मालकांची, अन् त्यांनी हौसेनं तिला दोन सुरांचा हॉर्न बसवला होता. तो हॉर्न बंद पडला. मी म्हणलं, "मॅडम, नवीन टाकू, दहा मिनिटांचं काम." बाई म्हणल्या, "हाच चालू होत असला तर बघा. नसला होत तर राहू द्या, बिनहॉर्नची चालवीन."

दादांनी तीन दिवस तो हॉर्न धरला. खोलला, आतला गंज काढला, पॉइंट घासले, जळालेली कॉइल हातानं परत गुंडाळली. मंग खरं काम सुरू झालं. हॉर्नच्या मागं एक स्क्रू असतो, तो फिरवला की आवाज बदलतो. दादा पाव-पाव पेच फिरवायचे अन् बाईंना फोनवर ऐकवायचे.

"असा होता?"

"न्हाई दादा, जरा बारीक होता."

"आता?"

"अजून थोडा."

असं कितीदा झालं, मोजलं न्हाई. रस्त्यानं जाणारे लोक आम्हाला शिव्या घालत होते. शेवटी एकदा फोनमधून काहीच आवाज येईना. दादा म्हणले, "बसला," अन् स्क्रूला रंगाचा थेंब लावून टाकला, म्हंजे परत फिरू नये.

आठ दिवसांनी बाई आल्या. गाडी ठीक होती. म्हणल्या, "दादा, शाळेतून आले, गेटपाशी हॉर्न दिला, अन् आमच्या सासूबाई 'आला का रे बाबा' म्हणत गेट उघडायला आल्या. गेट उघडून मला बघितलं, मंग तशाच उभ्या राह्यल्या. आता मी गेटपाशी हॉर्न वाजवतच न्हाई."

त्या दिवशी दादांचं कामात मन लागेना. जाताना म्हणले, "नवीनच बसवायला पाहिजे होता का रे?" मी म्हणलं, त्यांनीच मागितला, तुमचा काय दोष. दुसऱ्या दिवशी परत तेच विचारलं. त्यानंतरबी विचारत राह्यले, एकदा तर ट्रकखालून, हातात पान्हा धरून.

महिन्यानं बाई परत आल्या, यावेळी सासूबाईंना घेऊन. म्हातारी गाडीतून उतरली, दादांपाशी आली अन् म्हणली, "ही पोरगी हॉर्न वाजवीना झाली, तुमी तरी सांगा तिला. आता कोण येतंय ते मला ठावं हाय. तरी वाजू द्या की." दादांनी बाईंकडं बघितलं, बाईंनी मान डोलावली. म्हातारीसाठी खुर्ची आणली अन् आम्ही सगळ्यांनी दोनदा चहा घेतला.

*

आता दादा कामून गेले, कशापायी गेले, ते सांगतो.

दादांना शुगर. खाण्याचं पथ्य पाळायचे, पण शुगर डोळ्यात उतरली. मला आधी कळलं, कारण वायरी मी हातात द्यायचो. निळी अन् हिरवी यांत गोंधळ व्हायला लागला. आमच्या धंद्यात रंगावरच सगळं चालतं. एका गाडीत पन्नास वायरी एकात एक गुंडाळलेल्या असतात, रंग चुकला की काम चुकलं.

मी त्यांना बोललो न्हाई. मी वायर देताना रंग बोलून द्यायला लागलो, आपलं आपल्याशीच बोलल्यासारखं. "ही निळी, ही हिरवी, ही पिवळी." सव्वीस वर्षांत मी कधी असा बडबडलो नव्हतो. दादांनीबी विचारलं न्हाई, आज एवढा का बोलतो म्हणून. वायर घ्यायचे अन् जोडायचे. एक वर्ष आम्ही दोघांनी असं काढलं. मला वाटायचं, मी हाय तोवर चालेल.

मंग मी एक दिवस भाच्याच्या साखरपुड्याला जालन्याला गेल्तो. नेमकी त्या दिवशी एक पिकअप आली, मोसंबीनं भरलेली. मागच्या लाईटच्या वायरी तुटल्या होत्या. दादांनी एकट्यानं जोडल्या. काम झालं की डावा सिग्नल लावून मागं जाऊन डावाच पेटतो का ते बघायचं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. पण ड्रायव्हरला मार्केट गाठायची घाई होती. दोन्ही बाजूचे दिवे पेटतात एवढं बघून दादांनी गाडी सोडली.

दिवे उलटे जोडले गेल्ते. पुढं रस्त्यात ड्रायव्हरनं उजवीकडं वळायला सिग्नल दिला, पेटला डावा. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं तो बघून उजवीकडून गाडी काढली, पिकअपला घासून खाली गेला. गुडघा फुटला. जीव वाचला, हाड मोडलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आला. भांडायलाबी आला नव्हता. म्हणला, "दादा, जरा बघता का, उलटं झालंय." अन् झालेलं सगळं सांगितलं.

मी पटकन वायरी बदलून दिल्या. दादा आत गेले अन् ड्रॉवरमधून वायरींचे तुकडे घेऊन बाहेर उन्हात आले. ड्रायव्हरपाशी जरा थांबले, मंग माझ्याकडं आले. एक तुकडा समोर धरला.

"सोपान, ही कोणती?"

"तुम्हीच सांगा."

"हिरवी."

निळी होती. मी म्हणलं, "बराबर."

दादांनी तुकडा खाली घेतला. मंग म्हणले, "ड्रायव्हरला आत्ताच विचारलं मी. तो निळी म्हणला."

त्यांनी तुकडे परत ड्रॉवरमधी ठेवले. त्या मोटरसायकलवाल्याचा गुडघा बरा होईपर्यंत दिवसाआड त्याच्या घरी जाऊन आले. गुडघा बरा झाला त्याच आठवड्यात लेकीला फोन केला, "येतो मी." मी लई समजावलं. मी म्हणलं, चूक तुमची न्हाई, मी वर्षभर लपवलं ही चूक. ते म्हणले, "लपवलं न्हाईस. मलाबी माहीत होतंच की."

*

प्रज्ञा, त्यांची लेक, पुण्यात नर्स आहे. चौथ्या मजल्यावर राहते. महिन्याला दादांच्या डोळ्यात इंजेक्शन देतात. डॉक्टर म्हणले, आहे तेवढी नजर टिकेल, रंगाचं सांगता येत न्हाई.

मी भेटायला गेलो. दादा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. प्रज्ञा म्हणली, "काका, दिवसभर खालच्या पार्किंगमधल्या गाड्या ऐकत बसतात." दादा म्हणले, "सकाळी आठला एक गाडी निघती, तिचा सेल्फ ऐक उद्या. बॅटरी महिनाबी काढत न्हाई." त्यांनी तसं वॉचमनला सांगितलं होतं, वॉचमननं गाडीच्या मालकाला सांगितलं, अन् मालक हसला होता. माझ्या भेटीनंतर पंधरा दिवसांनी चार जण ती गाडी ढकलत होते, हे मला प्रज्ञानं फोनवर सांगितलं. मंग मालकानं वर येऊन दार वाजवलं, "काका, जरा खाली येऊन बघता का?" दादांनी त्याला सांगितलं, मी आता काम सोडलंय, अन् दार लावून घेतलं.

त्या भेटीत मी दादांना म्हणलं, "चला माघारी. तुम्ही स्टुलावर बसा, तुम्ही विचारा, तुम्ही सांगा. डोळे माझे, हात माझे."

"शोभेला बसवतो का मला?"

"दादा, मला करमत न्हाई हो."

"करमंल हळूहळू," म्हणले, अन् परत खाली बघायला लागले.

येताना बसमधी मी रडलो. शेजारचा बाप्या म्हणला, "खिडकी लावू का? धूळ जाती डोळ्यात." म्हणलं, लावा.

फोन करायचो, उचलायचे. पाऊसपाणी विचारायचे, माझ्या बायकोचं, चुलत्यांचं विचारायचे. दुकानाचं एका शब्दानं विचारायचे न्हाईत. मी विषय काढला की म्हणायचे, "प्रज्ञा जेवायला बोलवती." गिऱ्हाइकं मला विचारून विचारून हैराण करायची, दादा कधी येणार? मी म्हणायचो, येतील पुढच्या महिन्यात. असे सात महिने गेले.

*

अन् आता हे गेल्या आठवड्यातलं.

मला एक युक्ती सुचली. मला न सुटणारी एखादी गाडी पाहिजे. 'दादा, मला हे जमत न्हाई, गिऱ्हाईक अडून बसलंय' म्हणलं, की दादा सगळं विसरून येतील, एवढं मी त्यांना ओळखतो. पण नड अशी, की न सुटणारी गाडी आठ दिवसांत एकबी आली न्हाई. मंग मी माझीच जुनी व्हॅन शेडखाली घेतली. दहा नंबरचा पान्हा लावला, बॅटरीचं टर्मिनल, म्हंजे बॅटरीवर वायर आवळतात तो भाग, जरासा ढिला केला अन् दादांना फोन लावला.

"दादा, एक व्हॅन आलीय. सेल्फच घेत न्हाई. सकाळपासून डोकं लावून राह्यलो, काही समजंना."

मला वाटलं, लेक जेवायला बोलवती म्हणतील. पण दादा म्हणले, "फोन बोनेटपाशी धर. चावी फिरव."

फिरवली. टक्.

"हेडलाईट लाव अन् परत फिरव. लाईट मंद होती का पूर्ण जाती?"

"पूर्ण जाती."

"टर्मिनलवर पांढरं आलंय?"

"न्हाई. साफ आहे."

"काल कशी चालू झाली होती?"

"एका सेल्फात."

"परवा?"

"परवाबी. बिलकुल तक्रार नव्हती."

"गाडी कुणाची?"

"गिऱ्हाइकाची."

"दे त्याला फोन."

"तो... तो चहाला गेलाय, दादा."

मला वाटलं, आता म्हणतील, निघतो मी उद्याच्या गाडीनं.

"सोपान," दादा म्हणले, "टर्मिनल ढिलं हाय. दहाचा पान्हा घे अन् आवळ. टर्मिनल आपोआप ढिलं होतं तवा आधी आठ दिवस गाडी कुरकुर करती. त्याच्यावर पांढरं येतं. लाईट मिचमिच करती. एका दिवसात असं साफसूफ ढिलं होत न्हाई, कुणीतरी पान्हा लावल्याबिगर. अन् दुकानात तुझ्याबिगर दुसरं कुणी न्हाई."

हातातला पान्हा लावून मी टर्मिनल आवळलं. मागून प्रज्ञाचा आवाज आला, "बाबा, चला, ताट वाढलंय."

"आलो," दादा तिला म्हणले. पण फोन ठेवला न्हाई.

मंग आवाज बारीक करून म्हणले, "उद्या जरा अवघड बिघडव."